शेतकऱ्याचे नाव, तुसड्याची शिवी

इंग्रजी वृत्तपत्रांच्या अग्रलेखांतून आणि समारंभांतील आभारप्रदर्शनाच्या भाषणांतून एक शब्द अधूनमधून आपल्या कानांवर येतो. कोणी अगत्याने काही देऊ केले असता ते झिडकारणे, किंवा कोणी जिवापाड मेहनत करून उभ्या केलेल्या कार्यातील बारीकसारीक उणिवा त्याच दिवशी मोजीत बसणे हे ‘चर्लिश’ ठरेल, असे वक्ता म्हणतो आणि मग पुष्कळदा त्या उणिवा हळूच सांगूनही टाकतो. शब्दकोश उघडला तर या शब्दापुढे उद्धट, असभ्य, रांगडा, आडदांड असे चारदोन प्रतिशब्द मांडलेले सापडतात. ते चुकीचे नाहीत. पण त्यांतील एकाही शब्दाने इंग्रजी माणसाच्या मनातली छटा पुरती हाती येत नाही.

इंग्रजीत उद्धटपणाला शब्दांची वाण नाही. ‘रूड’ हा त्यांतला सर्वांत सर्वसाधारण. तो लॅटिनमधील ‘रुदिस’ या शब्दावरून आला. ‘रुदिस’ म्हणजे कच्चा, न घडवलेला. ज्याचा हा कच्चेपणा शिक्षणाने गेला तो ‘एरुडाइट’, म्हणजे विद्वान; शब्दाचे मूळ तेच. ‘इन्सोलंट’ म्हणजे वडीलधाऱ्यांना वा अधिकाऱ्यांना उर्मटपणे उत्तर देणारा. ‘चर्लिश’ माणूस यांपैकी कोणीच नव्हे. तो मोठ्याने बोलेलच असे नाही, शिवी देईल असेही नाही. त्याच्या दारात आपण प्रसन्न मुद्रेने जावे आणि त्याने ‘काय आहे?’ एवढेच विचारावे, त्याला काही द्यावे आणि त्याने ते आभाराचा शब्दही न उच्चारता बाजूला ठेवावे, असा तो. मराठीत याला ‘तुसडा’ हा शब्द आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो. तुसडेपणात उद्धटपणा आहे, पण त्याहून अधिक आहे ती मनाची कृपणता. दुसऱ्याच्या चांगुलपणाला चांगुलपणाने उत्तर देण्याचीही ज्याला चणचण वाटते तो तुसडा.

हा शब्द आला कोठून, याचा शोध घेऊ लागलो म्हणजे मात्र आपण एका अनपेक्षित ठिकाणी जाऊन पोहोचतो. ‘चर्लिश’ हे विशेषण ‘चर्ल’ या नामावरून झाले आणि ‘चर्ल’ हे प्राचीन इंग्रजीतील ‘चेओर्ल’ या शब्दाचे आजचे रूप. चेओर्ल म्हणजे शेतकरी. कोणाचा गुलाम नसलेला, स्वतःची जमीन कसणारा, गावच्या सभेत बसणारा, प्रसंगी राजाच्या सैन्यात शस्त्र धरून उभा राहणारा साधा, स्वतंत्र माणूस. शेतकऱ्याचे नाव तुसड्याची शिवी कसे झाले, ती हकिगत इंग्लंडच्या इतिहासातील सुमारे आठशे वर्षे व्यापून आहे, आणि तिचा आरंभ आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एका परिचित प्रसंगापाशी होतो.

पोप ग्रेगरी यांनी रोमहून पाठविलेले संत ऑगस्टिन आपल्या सोबत्यांसह इ. स. ५९७ मध्ये केंटच्या किनाऱ्यावर उतरले. (हिप्पोचे बिशप संत ऑगस्टिन ते वेगळे, हे कँटरबरीचे.) केंटचा राजा एथेलबर्ट याने त्यांना आश्रय दिला व पुढे बाप्तिस्माही घेतला. त्या राजाने इ. स. ६०० च्या सुमारास आपल्या प्रजेसाठी कायदे लिहवून घेतले. ते लॅटिनमध्ये नव्हे, तर लोकांच्या भाषेत लिहिले गेले, याची नोंद इतिहासकार संत बीड यांनी ७३१ साली पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात मुद्दाम केली आहे. इंग्रजी भाषेत रचले गेलेले एवढे जुने दुसरे लिखाण आज उपलब्ध नाही. त्याची एकच प्रत शिल्लक आहे आणि तीही बाराव्या शतकात, ११२० नंतरच्या काही वर्षांत, रॉचेस्टर येथील मठात तयार झालेली. या कायद्यांतले पहिले कलम देवाच्या व ख्रिस्तमंदिराच्या मालमत्तेविषयी आहे: ती कोणी चोरली तर बारापट भरपाई. त्यानंतर बिशप, धर्मगुरू, राजा, सरदार असे करीत यादी खाली उतरते आणि थोड्याच ओळींत चेओर्ल येतो. त्याच्या आश्रयाचा जो भंग करील त्याने सहा शिलिंग द्यावेत. म्हणजे इंग्रजीतील सर्वांत जुन्या लेखातच हा शब्द आहे, आणि तेथे तो ज्याच्या उंबरठ्याला कायद्याची प्रतिष्ठा आहे अशा माणसाचे नाव म्हणून आला आहे.

पुढच्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडील वेसेक्स राज्याचा राजा इनी याने आपले कायदे केले. शेतीवाडीत वाढलेल्या वाचकांना ते वाचताना हसू आल्याशिवाय राहणार नाही, इतके ते ओळखीचे वाटतात. चेओर्लने आपल्या घरवाडीला उन्हाळ्या-हिवाळ्यात कुंपण राखले पाहिजे. त्याचे कुंपण पडके असेल आणि त्या खिंडारातून शेजाऱ्याचे गुरू आत शिरले, तर त्याला भरपाई मिळणार नाही. गुरू हाकलून द्यावे आणि नुकसान सोसावे. आणि सामाईक कुरणाला वा सामाईक शेताला कुंपण घालायचे असता काहींनी आपला वाटा घातला, काहींनी घातला नाही, व गुरांनी पीक खाल्ले, तर ज्यांच्या वाट्याच्या खिंडारातून गुरे शिरली त्यांनी इतरांना भरपाई द्यावी. तेराशे वर्षांपूर्वीची ही भांडणे आजही आपल्या वाड्यांतून मिटलेली नाहीत! सांगायचा मुद्दा असा, की हा कायदा चेओर्लना आपसात जबाबदार असलेले, शब्द पाळू शकणारे प्रौढ पुरुष समजतो. राजा इनी पुढे राज्य सोडून रोमला गेला व तेथेच वारला.

त्याचे कायदे आज आपल्यापर्यंत पोहोचले ते आल्फ्रेड राजामुळे, कारण आल्फ्रेडने (८७१ ते ८९९) आपल्या कायद्यांच्या शेवटी ते जोडून ठेवले. आल्फ्रेडच्या स्वतःच्या कायद्यांत एक कलम असे आहे, की या लेखाच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे. निरपराध चेओर्लला कोणी बांधले तर दहा शिलिंग दंड. फटके मारले तर वीस. त्याची फजिती व्हावी म्हणून त्याचे केस वेडेवाकडे कापले तर दहा. न बांधता पण धर्मगुरूसारखे त्याचे डोके भादरले तर तीस. दाढी कापली तर वीस. आणि बांधून वर डोके भादरले तर साठ शिलिंग. चेओर्लचा जीव घेतल्यास त्याच्या कुटुंबाला मिळणारी भरपाई वेसेक्समध्ये दोनशे शिलिंग होती, हे ध्यानात घेतले म्हणजे नुसत्या मानहानीसाठी साठ शिलिंग ही रक्कम केवढी जबर होती याची कल्पना येईल. शेतकऱ्यालाही अब्रू आहे आणि तिचे मोल चांदीत मोजता येते, असे हा राजा मानीत होता. ज्या माणसाचा अपमान करणे हा गुन्हा होता, त्याच माणसाचे नाव पुढे दुसऱ्याचा अपमान करण्यासाठी वापरले जावे, यापरता उलटा न्याय शब्दांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

अर्थात त्या काळाचे चित्र आम्हांला सोनेरी रंगात रंगवायचे नाही. सरदाराच्या जिवाची भरपाई बाराशे शिलिंग होती, म्हणजे चेओर्लच्या सहापट. चेओर्लच्या खाली गुलामांचा एक मोठा वर्ग होता आणि सुखवस्तू चेओर्लच्या पदरीही गुलाम असत. परंतु वर जाण्याची वाट निदान कागदावर तरी बंद नव्हती. अकराव्या शतकाच्या आरंभीचा, यॉर्कचे आर्चबिशप वुल्फस्तान यांच्याशी संबंधित असा एक लेख आहे. त्यात म्हटले आहे की पूर्वी एखादा चेओर्ल भरभराटीस येऊन त्याच्यापाशी पाच ‘हाइड’ जमीन, प्रार्थनामंदिर, मुदपाकखाना, घंटाघर, वाड्याचा दरवाजा आणि राजसभेत आसन असे सर्व झाले, तर तो सरदारकीच्या मानास पात्र ठरे. ‘पूर्वी’ या शब्दात आर्चबिशपांचा उसासा ऐकू येतो.

या शब्दाला त्या काळी आणखी एक अर्थ होता आणि तो आम्हांला विशेष गोड वाटतो. चेओर्ल म्हणजे नवरा. स्त्रीने लग्न करण्याला ‘चेओर्लियन’ असे क्रियापद होते. आपल्याकडे ‘दादला करणे’ म्हणत तसेच म्हणा ना! दहाव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सच्या बोलीत चारही शुभवर्तमानांचे भाषांतर झाले. त्यात संत योहानाच्या चौथ्या अध्यायात, याकोबाच्या विहिरीवर प्रभू येशू त्या शोमरोनी स्त्रीला ‘जा, आपल्या पतीला बोलावून आण’ असे सांगतो, तेथे भाषांतरकाराने पती या अर्थी चेओर्ल हाच शब्द घातला आहे. प्रभूच्या मुखी घालताना त्याला तो यत्किंचितही हलका वाटला नाही. त्याच सुमाराच्या एका लॅटिन-इंग्रजी शब्दसंग्रहात ‘चेओर्लिश’ पाव असा उल्लेख येतो. त्याचा अर्थ रोजचा, साधा, जाडाभरडा पाव. विशेषण जन्मले ते हे असे. त्याला कण्याकोंड्याचा वास होता, पण शिवीचा नव्हता.

१०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले. देशाचे जमीनदार एका पिढीत बदलले. नव्या धन्यांची भाषा फ्रेंच, दप्तराची भाषा लॅटिन. इंग्रजी उरली ती नांगरामागे आणि चुलीपुढे. १०८६ च्या प्रसिद्ध जमीनपाहणीत, ज्याला ‘डूम्सडे बुक’ म्हणतात त्यात, खेड्यांतील सर्वांत मोठा वर्ग ‘विलानुस’ या लॅटिन नावाखाली मोजला गेला. ‘विला’ म्हणजे शेतवाडी, गाव; विलानुस म्हणजे गावकरी. पुढील शंभर-दीडशे वर्षांत कायदेपंडितांनी या गावकऱ्याला पद्धतशीरपणे अस्वतंत्र ठरविले. तो धन्याच्या परवानगीवाचून गाव सोडून जाऊ शकत नव्हता. आठवड्यातील ठरावीक दिवस त्याने धन्याच्या शेतावर वेठीला जायचे. मुलीचे लग्न करायचे तर धन्याला त्याबद्दल पैसा मोजायचा. तो मेला तर त्याच्या गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर धन्याने न्यायचे. वंशपरंपरेने स्वतंत्र म्हणविणाऱ्या चेओर्लची नातवंडे-पणतवंडे आता या कोंडवाड्यात होती, आणि जुने इंग्रजी नाव त्यांच्याबरोबर खाली उतरले. चेओर्लचे ‘चर्ल’ झाले आणि त्याचा अर्थ झाला कूळ, बांधलेला माणूस, हलका माणूस.

येथवर तो केवळ दर्जा होता. पण दर्जाचे दूषण व्हायला वेळ लागत नाही. वाड्यात बसलेला माणूस अंगणात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून म्हणतो, याला बोलता येत नाही. थोड्या वेळाने म्हणतो, याला वागता येत नाही. आणि अखेर म्हणतो, याला मनच नाही. सी. एस. लुईस यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या शब्दांवरील ग्रंथात या प्रक्रियेला नाव दिले आहे. समाजातील स्थान सांगणारे शब्द हळूहळू नीतीअनीती सांगू लागतात, असे त्यांचे म्हणणे. विलानुसवरून झालेल्या ‘व्हिलन’चे काय झाले ते आपल्याकडे चित्रपट पाहणारे शाळकरी पोरही सांगेल. ‘बूर’ हा गावंढळ या अर्थाचा शब्द डच शेतकऱ्यावरून आला. मात्र दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाच्या वसाहतवाल्यांनी ‘बोअर’ हेच नाव अभिमानाने धारण केले आणि त्याच नावाने १८९९ ते १९०२ या काळात ब्रिटिश साम्राज्याशी युद्ध केले. उलट दिशेचे एक उदाहरणही आहे व ते सांगितल्यावाचून आम्हांला राहवत नाही. ‘सर्ली’ म्हणजे फुरंगटलेला, गुरकावणारा. हा शब्द ‘सर’ या बहुमानाच्या पदवीवरून झालेला आहे. सरांसारखा वागणारा तो सर्ली! म्हणजे अंगणातल्या माणसानेही वाड्यातल्या माणसाकडे पाहून एक शब्द घडवला होता. परंतु असे शब्द थोडे, कारण लेखणी वाड्यात होती.

चौदाव्या शतकात अंगणातला माणूस एकदा वाड्यात शिरला. १३४८-४९ च्या महामारीत इंग्लंडची निदान तिसरा हिस्सा माणसे मेली. मजूर दुर्मिळ झाले, मजुरी वाढू लागली, तेव्हा १३५१ साली पार्लमेंटने कायदा करून ती जुन्या दरावर बांधून टाकली. त्यावर फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी डोईपट्टी बसली. तीन-चार वर्षांत तीनदा. १३८१ च्या जूनमध्ये केंट व एसेक्सचे शेतकरी लंडनवर चालून गेले. त्यांच्यात जॉन बॉल नावाचा एक धर्मगुरू होता. वरिष्ठांनी त्याला वारंवार तुरुंगात टाकले होते. त्याने ब्लॅकहीथच्या माळावर उपदेश केला. आदाम माती खणीत होता आणि हव्वा सूत कातीत होती तेव्हा खानदानी असा कोण होता, हा त्याच्या उपदेशाचा विषय. बंडखोरांची मुख्य मागणी वेठीचे बंधन रद्द व्हावे ही होती. चौदा वर्षांच्या राजा दुसऱ्या रिचर्डने ती प्रथम मान्य केली, सनदाही लिहून दिल्या. परंतु त्याच दिवसांत कँटरबरीचे आर्चबिशप सायमन सडबरी यांचा शिरच्छेद झाला. बंडाच्या बाजूने बोलणाऱ्याने ही गोष्ट वगळून चालणार नाही. दुसऱ्या दिवशी, १५ जूनला, पुढारी वॉट टायलर मारला गेला. सनदा रद्द झाल्या. १५ जुलैला जॉन बॉलला राजासमक्ष सेंट ऑल्बन्स येथे फाशी देऊन त्याचे तुकडे करण्यात आले.

एसेक्सचे बंडखोर लंडनमध्ये शिरले ते ऑल्डगेट या वेशीतून. त्या वेशीवरच्या माडीत १३७४ पासून एक सरकारी अधिकारी राहत होता. त्याचे नाव जेफ्री चॉसर. बंडानंतर काही वर्षांनी त्याने ‘कँटरबरी टेल्स’ हे काव्य लिहायला घेतले. ते १४०० साली त्याच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. ‘चर्ल’ या शब्दाचे दोन्ही चेहरे त्यात एकत्र भेटतात. तीर्थयात्रेला निघालेल्या मंडळींतला दारू प्यायलेला गिरणीवाला एक चावट गोष्ट सांगू लागतो, तेव्हा कवी वाचकांची क्षमा मागतो: हा माणूस चर्ल आहे, गोष्टही चर्लचीच सांगणार, शिष्ट वाचकांनी पान उलटावे व दुसरी गोष्ट निवडावी. हा झाला रूढ अर्थ. पण त्याच काव्यात बाथच्या बाईने सांगितलेल्या गोष्टीत एक म्हातारी एका सरदाराला खडसावते, आणि तो सरदार एका मुलीवर अत्याचार केलेला आहे. ती म्हणते, खानदानीपणा वाडवडिलांच्या संपत्तीतून येत नाही, तो ख्रिस्तापासून घ्यावा लागतो. ड्यूक असो की अर्ल, पापी कृत्येच माणसाला चर्ल करतात. आणि काव्याच्या अखेरीस येणारा गरीब धर्मग्रामप्रमुख आपल्या लांबलचक प्रवचनात धन्यांना बजावतो, की ज्या बीजातून चर्ल उगवतात त्याच बीजातून धनी उगवतात, आणि तारण धन्याचे होऊ शकते तसेच चर्लचेही. जॉन बॉलला ज्या विचाराने फासावर नेले तो विचार चॉसरच्या धर्मगुरूने मिस्सेला बसलेल्या माणसासारख्या शांत आवाजात मांडला आहे. टीकाकार या प्रवचनाला कंटाळवाणे म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही.

म्हातारीच्या त्या युक्तिवादात शब्दाने नकळत एक वळण घेतले. चर्ल ही जर कृतीने ठरणारी गोष्ट असेल, तर श्रीमंतही चर्ल असू शकतो. आणि पुढील दोनशे वर्षांत तेच झाले. जुन्या करारात दावीद रानोमाळ भटकत असतानाची गोष्ट आहे. कर्मेलात नाबाल नावाचा एक धनाढ्य मनुष्य होता. तीन हजार मेंढरे, एक हजार शेरडे. दावीदाच्या माणसांनी त्याच्या मेंढपाळांचे रक्षण केले होते. लोकर कातरण्याच्या सणाच्या दिवशी त्यांनी थोडे अन्न मागितले, तेव्हा नाबाल म्हणाला, कोण हा दावीद? घर सोडून पळालेले नोकर आजकाल पुष्कळ झाले आहेत! त्याची शहाणी बायको अबीगईल दोनशे भाकरी, दोन बुधले द्राक्षारस, पाच शिजवलेली मेंढरे, हुरडा, मनुकांचे शंभर घड आणि अंजिराच्या दोनशे ढेपा गाढवांवर लादून दावीदाला वाटेत गाठते म्हणून घराचा नाश टळतो. या नाबालाचे वर्णन करताना हिब्रू मूळात ‘कठीण’ या अर्थाचा शब्द आहे. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात तेथे ‘चर्लिश’ आले, आणि इंग्लंडच्या कॅथलिक लोकांच्या डुएे बायबलची अठराव्या शतकाच्या मध्यास बिशप चॅलोनर यांनी जी सुधारित आवृत्ती काढली, तीतही तोच शब्द आहे. चार हजार जनावरांचा मालक आणि त्याला विशेषण मिळाले ते भूमिहीनाचे! किंबहुना या शब्दाला आज जी नेमकी छटा आहे ती नाबालाच्या दारात उभे राहिल्यावाचून कळत नाही. आपल्यावर उपकार करणाऱ्याला ओळख न देणे, दारात आलेल्याला हात न देणे आणि वर टोचून बोलणे.

शेक्सपियरच्या ‘ॲज यू लाइक इट’ या १६०० च्या सुमाराच्या नाटकात एक म्हातारा मेंढपाळ वाट चुकलेल्या प्रवाशांना सांगतो, की मी पडलो चाकर. माझा धनी चर्लिश वृत्तीचा आहे, पाहुणचार करून स्वर्गाची वाट धरावी असे त्याला वाटत नाही. येथे खरा चेओर्ल तो मेंढपाळ, आणि चर्लिश ठरला त्याचा धनी. फिरलेले चक्र शेक्सपियरच्या ध्यानात आले होते की नाही कोण जाणे. त्याच नाटकात विदूषक दरबारी भांडणाच्या सात पायऱ्या मोजून दाखवितो. सौजन्यपूर्ण प्रत्युत्तरापासून उघड ‘तू खोटारडा’ म्हणण्यापर्यंत. ‘चर्लिश उत्तर’ ही त्यांत तिसरी पायरी आहे. तलवार उपसण्याइतके ते गंभीर नाही, पण ऐकणाऱ्याच्या मनात सल राहावा इतके खचित आहे. १७५५ साली डॉ. जॉन्सन यांनी आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला तेव्हा ‘चर्ल’पुढे तीन अर्थ दिले: खेडूत वा मजूर, उद्धट, गुरकावणारा माणूस, आणि कंजूष. तीन ओळींत सारा प्रवास आला. पुढे पहिला अर्थ इतिहासाच्या पुस्तकांत गेला, तिसरा जवळजवळ विसरला गेला आणि ‘चर्ल’ हे नामही बोलण्यातून मागे पडले. विशेषण मात्र टिकले. तेही आता बहुधा ‘असे करणे चर्लिश ठरेल’ एवढ्या एका साच्यातच भेटते. माणूस सहसा ते स्वतःविषयी आणि नकारार्थी वापरतो. ज्या कुळपद्धतीने या शब्दाला खाली खेचले ती पद्धती सोळाव्या शतकापर्यंत झिजून गेली होती. तिचा शेवटचा कायदेशीर अवशेष मात्र थेट १ जानेवारी १९२६ रोजी संपला.

आल्फ्रेडच्या वेसेक्समध्ये जो विल्टशर परगणा येतो, तेथे १५४९ साली जन्मलेला एक इंग्रज १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला. ते आपले फादर थॉमस स्टीफन्स. ज्या १६१६ साली शेक्सपियर वारला त्याच साली राचोल येथे फादरांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. चर्ल हा शब्द त्यांच्या लहानपणच्या कानांवर आलाच असणार. पण साष्टीत ते ज्या लोकांमध्ये चाळीस वर्षे राहिले त्यांच्यात नेमका उलटा शब्द मानाचा होता. गोव्यात ‘गावकार’ म्हणजे गाव वसविणाऱ्या मूळ घराण्यांतला, सामाईक जमिनीत वाटा असलेला, गावच्या बैठकीत ज्याचा शब्द चालतो असा मनुष्य. पोर्तुगिजांनी १५२६ साली अफोन्सो मेशिया याच्या हातून या गावकारांच्या चालीरीती लेखनिविष्ट करून घेतल्या. तेही ‘विलांव’ हा गावकऱ्यावरून झालेला शब्द आपल्या भाषेत हलकट या अर्थाने वापरीत होते, आणि येथे त्यांना गावकऱ्यांशी सनदेच्या भाषेत बोलावे लागले.

आपल्याकडे सर्वच काही गोव्यासारखे होते असे मात्र नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात ‘ग्राम्य’ हा काव्यातला दोष आणि ‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत. ‘गावंढळ’ हा शब्द मराठीला कोणा साहेबाने शिकविलेला नाही. ‘गावठी’ची गंमत अशी, की दारूला तो कमीपणा आणतो आणि कोंबडीला व अंड्याला भाव. त्याच भाषेत तुकोबांनी देवाने आपल्याला कुणबी केले, दंभापासून वाचविले, म्हणून त्याचे आभार मानले आहेत.

चेओर्लच्या भावंडाची कथा राहिली. जर्मन कुळातील भाषांत या शब्दाचे एक जुळे रूप होते: ‘कार्ल’. अर्थ तोच, स्वतंत्र साधा माणूस. इंग्लंडात चेओर्ल खाली गेला आणि युरोपखंडात कार्ल वर गेला. फ्रँक लोकांच्या एका राजाचे ते नाव होते. त्याला पोप तिसरे लिओ यांनी इ. स. ८०० च्या नाताळच्या दिवशी रोममध्ये सम्राटपदाचा मुकुट घातला. तो शार्लमेन, लॅटिनमध्ये कारोलुस. त्याचा दरारा एवढा होता, की शेजारच्या स्लाव्ह लोकांनी त्याच्या नावावरूनच राजा या अर्थाचा शब्द घडविला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात: चेक भाषेत ‘क्राल’, पोलिशमध्ये ‘क्रूल’, रशियनमध्ये ‘करोल’. मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ, ज्यांचा सण आपण ४ नोव्हेंबरला पाळतो, ते या नावाचे. आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांतले कार्लोस आणि चार्ल्सही याच नावाचे. पोलंडात १९२० साली जन्मलेला कारोल वोयतिला हाही. महायुद्धाच्या काळात जर्मन अंमलाखाली तो दगडाच्या खाणीत व रसायनांच्या कारखान्यात अंगमेहनतीचे काम करीत होता. १९७८ साली तो पोप दुसरे जॉन पॉल झाला, आणि १९८६ साली आपण त्यांना मुंबईत व गोव्यात पाहिले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी ज्या कार्लो अकुतिस या पंधरा वर्षे जगलेल्या मुलाला संतपद दिले, तो वाढला इटलीत, पण जन्मला १९९१ साली लंडनमध्ये. त्या शहराच्या आग्नेयेस चार्लटन नावाचे एक उपनगर आहे, तेथल्या फुटबॉल संघामुळे ते नाव आपल्याकडील तरुणांनाही ठाऊक असते. ‘चेओर्ला तून’, म्हणजे चेओर्लांची वस्ती, यावरून ते झाले. चार्लटन, कार्लटन, चोर्लटन अशा नावांची गावे इंग्लंडभर विखुरलेली आहेत, आणि तेथे राहणाऱ्या कोणालाही आपल्या गावाच्या नावाची लाज वाटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.